पांझरेपासून कावेरीपर्यंत : सर विश्वेश्वरय्या आणि पाण्याची वाटणी

गणेशोत्सवाच्या आगेमागे दरवर्षी १५ सप्टेंबर येतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. डोक्याला म्हैसुरी फेटा, अंगात नीटनेटका कोट आणि करारी मुद्रा असा त्यांचा फोटो आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या किंवा कॉलेजच्या भिंतीवर पाहिलेला आहे. त्यांचे नाव निघाले की म्हैसूर आठवते, वृंदावन गार्डन आठवते. पण ते इंजिनिअर झाले पुण्यात, त्यांची उमेदवारीची वर्षे गेली नाशिक-खानदेशात, आणि १८९६ मध्ये ते आपल्या सुरतेत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्यातल्या कितीतरी घरांचा प्रवास याच वाटेने झाला आहे. धुळे, नंदुरबार, अमळनेर, जळगाव इकडून आजोबा-पणजोबा निघाले, तापी व्हॅली रेल्वेने सुरतेला उतरले आणि मग उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली इथे संसार थाटले. गाव तापीच्या वरच्या अंगाला आणि घर तापीच्या मुखाशी, अशी आपली स्थिती. म्हणून विश्वेश्वरय्यांचे चरित्र इथे एका ठरावीक बाजूने सांगावेसे वाटते. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याने किती पाणी अडवावे आणि खालच्याच्या वाट्याला किती सोडावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर आयुष्यभर निरनिराळ्या रूपांत येत राहिला. तो आजही सुटलेला नाही, आणि आपण तर त्याच्या दोन्ही टोकांना आहोत.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. केले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आपल्या आजच्या सीओईपीत, इंजिनिअरिंग शिकायला आले. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिला नंबर मिळवणाऱ्याला सरकारी नोकरी ठरलेली असे. १८८४ मध्ये असिस्टंट इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक नाशिकला झाली. पुण्याच्या त्या काळात न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा मंडळींशी त्यांचा संबंध आला. आकडे मांडून, अभ्यास करून सार्वजनिक प्रश्नाकडे पाहायची रानड्यांची रीत त्यांनी जन्मभर सोडली नाही.

नाशिकहून ते खानदेशात गेले. धुळ्याच्या पश्चिमेला साक्री तालुक्यात दातर्ती नावाचे गाव आहे. तिथे पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळाच्या सायफनने पलीकडे न्यायचे काम या तरुण इंजिनिअरकडे आले. दिवस पावसाळ्याचे होते. पाणी चढले, काम अडले, आणि पाऊस संपेपर्यंत थांबावे असे त्यांनी वरच्या साहेबांना कळवले. साहेबांना ती टाळाटाळ वाटली. नोकरीच्या पहिल्याच टप्प्यावर नावाला बट्टा लागायची वेळ आली. त्यांनी तक्रार न करता त्याच परिस्थितीत काम तडीस नेले. नदी कागदावरच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाही, हा धडा त्यांना आपल्या पांझरेने दिला. ही पांझरा पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते, धुळ्यावरून वाहते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. म्हणजे विश्वेश्वरय्यांची नोकरी सुरू झाली ती तापीच्या खोऱ्यात.

याच पांझरेच्या खोऱ्यात आपल्याकडे फड पद्धत चालत आली आहे. आमच्या पिढीतल्या ज्यांनी गावी शेती केली, त्यांना ती सांगायला नको. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर दगडी बंधारा असतो, त्यातून पाट निघतो. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग केलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची पाळी बदलायची. पाणी सोडणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला. यातली खरी हुशारी पुढेच आहे. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि गावाने एखादा फड कोरडा ठेवायचे ठरवले, तर कुणा एकाचे वाटोळे होत नाही. तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. सरकारी कागद नसताना कित्येक पिढ्या ही वाटणी टिकली, कारण वाईट वर्षी काय करायचे ते आधीच ठरलेले होते.

१८९४ मध्ये सरकारने विश्वेश्वरय्यांना सिंधमधल्या सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवले. सिंधू नदीचे पाणी गाळाने भरलेले, आणि गाळण यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसा नाही. त्यांनी नदीपात्राच्या वाळूतच विहीर खणली. वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत चढवले. नदीचीच वाळू गाळणी म्हणून वापरण्याची ही युक्ती गाजली.

त्यानंतर १८९६ मध्ये ते सुरतेला आले. शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि त्या कामाशी त्यांचा जवळून संबंध आला. नदीकाठच्या वराछाचे जलकेंद्र हे एकोणिसाव्या शतकाच्या त्याच शेवटच्या वर्षांतले. सुरतेतला त्यांचा मुक्काम थोडा होता, लवकरच ते पुण्याला गेले. पण तापीच्या उपनदीवर पाट बांधणाऱ्या माणसाला तापीवरच्या शेवटच्या मोठ्या शहराचाही अनुभव मिळाला. वर जे अडवले जाते किंवा सोडले जाते, त्याचा परिणाम ज्या शहराला भोगावा लागतो, ते हे शहर.

पुण्यात त्यांच्या बुद्धीला मोकळे रान मिळाले. खडकवासल्याच्या धरणावरून, ज्याला तेव्हा लेक फाइफ म्हणत, पावसाळ्यात जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर व कालवे तहानलेले राहत. धरणाची भिंत उंच करायची तर मोठा खर्च. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक उंचीला पोचले की दरवाजे आपले आपण उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे. त्यामुळे भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी चढली. त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाची रॉयल्टी घेतली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावरही असे दरवाजे बसले.

याहून कठीण काम होते कालव्याच्या पाण्याच्या वाटणीचे. नीरा कालव्यावर वरच्या अंगाचे शेतकरी ऊस लावत आणि हवे तेवढे पाणी घेत. शेवटच्या टोकाच्या गावांना पिकाच्या ऐन वेळी पाट कोरडा दिसे. विश्वेश्वरय्यांनी १९०३ च्या सुमारास ब्लॉक पद्धत सुचवली. प्रत्येक गावाची ठरावीक जमीन ब्लॉक म्हणून आखायची, त्यात ऊस किती आणि धान्य किती याचे प्रमाण बांधून द्यायचे, पिकांची फेरपालट करायची, आणि त्या बेताने काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. त्यांनी ही कल्पना फडावरूनच घेतली असे म्हणणे घाईचे होईल. पण ज्याने फड पाहिला आहे, त्याला दोन्हींतले नाते ओळखू येते.

बागायतदारांनी विरोध केला, पुण्याच्या वृत्तपत्रांतूनही टीका झाली. ज्याला जास्त पाणी मिळत होते, त्याला वाटणी हा अन्याय वाटणारच. विश्वेश्वरय्यांनी हुकूम काढून विषय संपवला नाही. शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, हिशेब समजावून दिला, मग हळूहळू लोक तयार झाले. इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. कालव्याचे वरचे आणि खालचे टोक एकाच सरकारच्या हद्दीत होते. भांडण झाले तर निवाडा करणारा एकच होता.

१९०८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. पूर शहरात येऊन थोपवायचा प्रयत्न करू नये, शहराच्या वरच्या अंगाला मोठे तलाव बांधून तो तिथेच धरावा, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर झाला. उकाईच्या छायेत राहणाऱ्या आपल्या शहराला हा विचार ओळखीचा आहे.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, आणि इथे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाद सुरू झाला. कावेरी म्हैसूरमधून निघून पुढे मद्रास इलाख्यात, तंजावरच्या भातखाचरांत जाते. तंजावरचा शेतकरी हजार-दीड हजार वर्षे कावेरीच्या पाण्यावर जगत आलेला. उलट म्हैसूरच्या मंड्या भागात नदी शेजारून वाहत असूनही शेत कोरडे. शिवाय शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार होणारी वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जायची, आणि उन्हाळ्यात नदी आटली की वीज डळमळायची. विश्वेश्वरय्यांनी म्हैसूर शहराजवळ कन्नमबाडीला सुमारे ४१.५ टीएमसी पाणी साठवणाऱ्या धरणाचा आराखडा केला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

मद्रासने हरकत घेतली. १८९२ च्या कराराप्रमाणे म्हैसूरला नवे मोठे साठे करण्याआधी मद्रासची संमती लागायची. मद्रासला स्वतःलाही मेत्तूरला धरण बांधायचे होते. शेवटी म्हैसूरला ११ टीएमसीचे लहान धरण बांधायची परवानगी मिळाली. १९११ मध्ये काम सुरू झाले. म्हैसूरने पाया मात्र मोठ्या धरणाला पुरेल एवढा रुंद घातला. म्हैसूरच्या बाजूने ही दूरदृष्टी होती. खालच्या काठावरून पाहणाऱ्याला त्यात भरवसा मोडलेला दिसला. विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचताना आपण सहसा पहिल्या बाजूला उभे राहतो. सुरतेत राहणाऱ्याने क्षणभर दुसऱ्या बाजूलाही उभे राहून पाहावे.

प्रकरण लवादाकडे गेले. न्यायमूर्ती ग्रिफिन यांनी १९१४ मध्ये निवाडा दिला, भारत सरकारने तो मान्य केला, पण मद्रासने लंडनला भारतमंत्र्यांकडे अपील केले. वाटाघाटी पुढे चालूच राहिल्या. १८ फेब्रुवारी १९२४ ला करार झाला. कृष्णराजसागराला ४४.८ टीएमसीपर्यंत आणि मेत्तूरला ९३.५ टीएमसीपर्यंत साठवण मान्य झाली, दोघांनी नव्याने किती एकर भिजवायचे तेही ठरले, आणि काही कलमांचा ५० वर्षांनी फेरविचार करायचे ठरले. कृष्णराजसागर पुरा व्हायला १९३१ उजाडले. सिमेंट महाग म्हणून चुना आणि विटांची सुरकी वापरून बांधलेली ती भिंत आजही उभी आहे. मंड्याची कोरडी जमीन भिजली, ऊस आला, साखर कारखाना आला. तिथल्या मुख्य कालव्याला आज विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. त्याच वेळी जुने कन्नमबाडी गाव आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली, लोकांना घरे सोडावी लागली. उकाईच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, ती माणसे आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या तापी जिल्ह्यात आहेत. धरणाचे गुणगान करताना त्यांची आठवण ठेवावी.

१९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना या त्या काळातल्या गोष्टी. १९१८ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना जागा राखून ठेवण्याचा विचार पुढे आला. त्यांचा त्याला विरोध होता, त्याने कारभाराचा दर्जा घसरेल असे त्यांना वाटे. ते पद सोडून बाजूला झाले. पाण्यात मागे राहिलेल्या गावाला हमीचा वाटा द्यायला निघालेल्या माणसाला नोकरीतली हमी पटली नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळू नये. पुढे संस्थानाने आणि देशाने वेगळा रस्ता धरला.

त्यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ ते कामात राहिले. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर १९२७ पासून १९५५ पर्यंत होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे धरणे टिकली, करार टिकला नाही. ५० वर्षे संपली आणि १९७४ पासून कावेरीचा वाद पुन्हा धुमसू लागला. १९९० मध्ये लवाद नेमला गेला, पुढच्याच वर्षी दंगली झाल्या. २००७ मध्ये अंतिम निवाडा आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून तामिळनाडूला ४०४.२५ आणि कर्नाटकाला २८४.७५ टीएमसी वाटा ठरवून दिला. तरी ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी भांडण पुन्हा पेटते. चांगल्या वर्षी कुणी कुणाकडे पाणी मागत नाही. अवघड आहे ती वाईट वर्षाची वाटणी, आणि मंड्याच्या शेतकऱ्याची जमीन तंजावरात नसल्यामुळे फडातला तो जुना समजूतदारपणा तिथे आपोआप येत नाही.

आपल्या बाजूच्या नद्यांकडे पाहिले तर नर्मदेची गोष्ट थोडी बरी आहे. १९७९ च्या लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट पाणी धरून मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असे वाटे केले. पाणी कमी किंवा जास्त आले तर तूट आणि वाढही ७३, ३६, २ आणि १ याच प्रमाणात वाटून घ्यायची, असे लिहून ठेवले. वाद तिथेही झाले, पण वाईट वर्षाचे कलम आधीच लिहिलेले आहे.

तापीसाठी असा लवाद बसलेला नाही. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीच्या खोऱ्यातला सुमारे ७९ टक्के भाग महाराष्ट्रात, १५ टक्के मध्य प्रदेशात आणि जेमतेम ६ टक्के गुजरातमध्ये आहे. पाऊस बहुतेक तिकडे पडतो, आणि सर्वांत मोठा साठा, उकाई, इकडे आहे. वर हतनूर आहे, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज आहेत. गावी गेलो की भाऊबंद म्हणतात, आपल्या हक्काचे पाणी खाली वाहून जाते. सुरतेत परत आलो की ऑगस्ट २००६ आठवतो. उकाईतून सोडलेले पाणी घराघरांत शिरले, गच्चीवर रात्री काढाव्या लागल्या, आणि वरून किती पाणी येतेय ते आधी का कळले नाही, असे जो तो विचारत होता. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आपल्याच घरातल्या आहेत.

फडात प्रत्येकाची जमीन सगळीकडे असे, म्हणून तूट वाटून घेता येई. तापीच्या खोऱ्यात असे दोन्हीकडे पाय रोवलेले कुणी असेल, तर ती आपली कुटुंबे आहेत. आपल्या मुलांतले काही जण पाटबंधारे खात्यात, महापालिकेत, कारखान्यांत इंजिनिअर आहेत. वरच्या काठाचे आकडे खालच्या काठाला वेळेवर कळावेत, दुष्काळात आणि पुरात काय करायचे ते वर्ष चांगले असतानाच ठरावे, यासाठी दोन्ही भाषांत बोलू शकणारी माणसे लागतात. यंदा तापीमाईला हात जोडताना एवढे मनात आणले आणि पुढच्या सुट्टीत गावच्या पाटाकडे मुलांना घेऊन गेलो, तरी दातर्तीच्या त्या तरुण इंजिनिअरची आठवण नीट राखली असे होईल.